वार एक की दोन?

नागपूरच्या धंतोलीतल्या कुठल्याही सोनोग्राफी सेंटरचा बाहेरचा हॉल दुपारी भरलेला असतो. कुणी गडचिरोलीहून आलेलं, कुणी भंडाऱ्याहून, कुणी थेट बालाघाटहून. मांडीवर फाइल, पायाशी पाण्याची बाटली. आतून एखादी बाई बाहेर येते, सासूकडे बघते आणि दोन बोटं वर करते. जुळी! पुढच्या पाच मिनिटांत चार घरी फोन जातात. तिनं जुळं केळ कधी खाल्लं होतं याची आठवण निघते, कुणाच्या घराण्यात जुळी झाली होती ते शोधलं जातं, आणि दोन पाळणे कुठे मिळतील यावरही बोलून होतं.

या आनंदात एक प्रश्न विचारायचा राहून जातो. वार, म्हणजे बाळाला आईकडून पोषण पोचवणारी प्लासेंटा, एक आहे की दोन?

मला हा प्रश्न संपूर्ण जुळ्या गरोदरपणातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पुढचे सहा महिने तपासण्या किती वेळा, कुठे आणि कशासाठी करायच्या, बाळंतपण कितव्या आठवड्यात करायचं, हे सगळं त्याच्या उत्तरावर ठरतं. आणि हे उत्तर खात्रीनं मिळण्याची वेळ फार थोडी असते.

आधी वार कशी ठरते ते बघू. दोन वेगळी बीजं फळली तर दोन बाळं, दोन वारा. घराण्यात चालत येतात ती ही जुळी. एकाच फळलेल्या बीजाचे दोन भाग झाले तर एकसारखी जुळी होतात. ती घराण्यावर अवलंबून नसतात, केळ्यावर तर नाहीच. जगभर साधारण अडीचशे बाळंतपणांमागे एक हे प्रमाण सगळीकडे जवळपास सारखंच आढळतं. हे बीज कधी विभागलं, त्यावर वार ठरते. पहिल्या तीन दिवसांत विभागलं तर दोघांची वार वेगळी आणि पाण्याची पिशवीही वेगळी. चौथ्या ते आठव्या दिवसात विभागलं तर वार एक, पिशव्या दोन. आठव्यानंतर तेराव्या दिवसापर्यंत विभागलं तर वारही एक आणि पिशवीही एक. त्याहून उशीर झाला तर बाळं एकमेकांना जोडलेली राहतात. एकसारख्या जुळ्यांपैकी साधारण दोन तृतीयांश जुळ्यांची वार एक असते. त्यातही बहुतेकांच्या पिशव्या दोन असतात, डॉक्टर ज्याला एमसीडीए म्हणतात ते. या लेखात मुख्यतः त्यांच्याबद्दलच लिहितो आहे.

वार मोजायची वेळ म्हणजे ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस. बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी तेव्हा ४५ ते ८४ मिलिमीटर असते. दोन बाळांमधला पडदा वारेला जिथे येऊन टेकतो, त्या एका जागेवर प्रोब थांबवायचा असतो. दोन वारा शेजारी शेजारी चिकटलेल्या असतील तर वारेचा मऊ भाग पडद्याच्या पदरांमध्ये शिरून पाचरीसारखा वर चढलेला दिसतो. त्याला लॅम्डा म्हणतात. वार एकच असेल तर पाचर नसते. केसासारखा बारीक पडदा वारेवर काटकोनात येऊन उभा राहतो, इंग्रजी टी अक्षरासारखा. बस, एवढीच खूण. पण ही पाचर पुढे झिजते आणि विसाव्या आठवड्यानंतर कित्येकदा दिसेनाशी होते. पाचव्या महिन्यात पहिली सोनोग्राफी झाली, तर अनुभवी माणसालाही ठामपणे सांगता येत नाही. अशा वेळी नियम सोपा आहे: खात्री नसेल तर वार एकच आहे असं धरून चालायचं.

इथे आपल्याकडची एक अडचण सांगायला हवी. बाहेरच्या देशांत उशिरा आलेल्या बाईची वार ठरवताना बाळांचं लिंग उपयोगी पडतं. एक मुलगा, एक मुलगी असेल तर वारा दोन, हे जवळजवळ नक्की. आपल्याकडे १९९४च्या कायद्यानं लिंग बघणं-सांगणं बंद आहे, आणि ते बंद आहे तेच बरं. पण त्यामुळे हा पुरावा आपल्या हातात नाही, आणि म्हणून तिसऱ्या महिन्याच्या त्या सोनोग्राफीचं मोल आपल्याकडे अधिक. सोनोग्राफीच्या आधी भरतात त्या फॉर्म एफमध्ये गर्भांची संख्या आणि त्यांची वार बघणं हे तपासणीचं एक कारण म्हणून छापलेलंच आहे. तेव्हा रिपोर्टवर नुसतं 'ट्विन्स' लिहून आलं तर तिथल्या तिथे विचारावं: मॅडम, वार किती? आणि त्या टी किंवा लॅम्डाचा फोटो छापून घ्यावा. कोणतं बाळ कुठे आहे, उजवीकडे की डावीकडे, वर की खाली, हेही लिहून घ्यावं. नाही तर पुढच्या वेळी ए-बाळाचं वजन बी-बाळाच्या नावावर चढतं आणि वाढीचा सगळा हिशेब बिघडतो.

आता एक वार असण्यात नेमकं बिघडतं काय? काटोल-वरुडकडे संत्र्याच्या बागांमध्ये दोन भावांची एकच विहीर असते. वाटणी बांधावर होते, पाण्याची मात्र पाळी असते. वारेचंही तसंच. एक वार, दोन नाळा, आणि जवळजवळ प्रत्येक अशा वारेत दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या. काही जोड वारेच्या पृष्ठभागावर, धमनीला धमनी असे असतात. त्यांतून रक्त दोन्ही बाजूंनी वाहू शकतं. ज्याच्याकडे दाब कमी त्याच्याकडे जातं आणि तोल सावरतो. धोक्याचे जोड वारेच्या आत, कप्प्यांमध्ये असतात. एका बाळाची धमनी कप्प्यात उतरते आणि तिथून निघणारी शीर दुसऱ्या बाळाकडे जाते. हा पाट एकाच दिशेला वाहतो. असे जोड दोन्ही बाजूंनी सारखे असले तर हिशेब जुळतो. एका दिशेचे जास्त, आणि पृष्ठभागावरचे सावरणारे जोड कमी, अशी वार असेल तर एका बागेचं पाणी हळूहळू दुसऱ्या बागेत उतरू लागतं.

यालाच टीटीटीएस (ट्विन-टू-ट्विन ट्रान्सफ्यूजन सिंड्रोम) म्हणतात. एका वारेच्या जुळ्यांत साधारण १० ते १५ टक्क्यांना हे होतं, बहुतेकदा १६ ते २६ आठवड्यांत. ज्या बाळाचं रक्त जातं त्याची मूत्रपिंडं लघवी कमी करतात. पाचव्या महिन्यानंतर पिशवीतलं पाणी म्हणजे बहुतांशी बाळाची लघवीच, त्यामुळे त्याच्या पिशवीतलं पाणी आटतं, पडदा त्याच्या अंगाला चिकटतो आणि ते गर्भाशयाच्या भिंतीला टेकून अडकल्यासारखं दिसतं. दुसऱ्याला रक्त जास्त होतं. ते सारखं लघवी करतं, पाणी तुडुंब भरतं आणि त्याच्या हृदयावर ताण येतो. घरात लगेच बोललं जातं, एकानं दुसऱ्याचं खाल्लं. हे बोलणं मला फार टोचतं. ज्याला जास्त मिळतं तेही सुखात नसतं. रक्ताच्या ओझ्यानं त्याचं हृदय थकतं आणि उपचार झाला नाही तर अंगात पाणी भरून तेही जातं. दोघांत चोर कुणी नाही. आईच्या खाण्यानं, चढण्या-उतरण्यानं, ग्रहणानं हे होत नाही. वार एकच असणार हे आठव्या दिवसाच्या आत ठरून जातं, आणि जोड पुढे वार घडतानाच पडतात.

म्हणून १६ आठवड्यांपासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी. १६, १८, २०, २२, असं बाळंतपणापर्यंत. गडचिरोलीच्या बाईला त्यासाठी निम्मा दिवस एसटीत जातो, नवऱ्याची रोजी बुडते, हे मला कळतं. तरी महिन्यातून एकदा चालणार नाही, कारण महिन्याभरात हा आजार सुरू होऊन शेवटालाही जाऊ शकतो. प्रत्येक वेळी चार गोष्टी बघायच्या: दोन्ही पिशव्यांतलं पाणी, दोघांचं मूत्राशय भरलेलं दिसतं का, दोघांची वाढ, आणि नाळेतल्या रक्तप्रवाहाचा डॉपलर. विसाव्या आठवड्यापासून दोघांच्या मेंदूतल्या धमनीचा वेगही. एकदा, अठरा ते बावीस आठवड्यांच्या दरम्यान, दोघांच्या हृदयाची स्वतंत्र तपासणी, कारण अशा जुळ्यांत हृदयाचे जन्मजात दोष एकेकट्या बाळापेक्षा कित्येक पटींनी जास्त आढळतात.

पाण्याच्या बाबतीत एक चूक वारंवार होते. रिपोर्टवर सगळं पाणी मिळून एकच आकडा येतो आणि पुढे 'नॉर्मल' लिहिलेलं असतं. एका पिशवीत दीड सेंटिमीटर आणि दुसरीत नऊ असलं तरी बेरीज चांगलीच दिसते! म्हणून दोन्ही पिशव्यांतली सर्वांत खोल जागा वेगवेगळी मोजून लिहिलेली हवी. एकीत २ सेंटिमीटरपेक्षा कमी आणि दुसरीत ८ पेक्षा जास्त (विसाव्या आठवड्यानंतर युरोपातली केंद्रं १० धरतात), की टीटीटीएसची पहिली पायरी. रक्त देणाऱ्या बाळाचं मूत्राशय दिसेनासं झालं की दुसरी. डॉपलर बिघडला की तिसरी, कुणाच्या अंगात पाणी भरलं की चौथी. पाचवीला एखादं बाळ गेलेलं असतं. १९९९पासून या पायऱ्या वापरात आहेत. पण या क्रमानंच उतरतील असं नाही, पहिलीवरून थेट चौथीवर गेलेली बाळंही असतात.

दोन तपासण्यांच्या मधल्या दिवसांत पहारा घरच्यांचाच. पोट दोन-तीन दिवसांत एकदम ताणलं, परकराची नाडी बांधली जाईना, आडवं झालं की श्वास लागू लागला, पोट दगडासारखं कडक लागलं, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी जायचं. नागपुरात इथेच वेळ जातो. एप्रिल-मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकलेला, कूलर गरम हवा फेकतो आहे, आणि बाई म्हणते मला दम लागते. घरातले म्हणतात गरमीच तशी हाय, अन् जुळे हायेत, पोट तं वाढणारच. दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात म्हणूनच फसगत होते. जुळ्यांचं पोट आठवड्याआठवड्यानं वाढतं, रात्रीतून नाही.

सापडलं तर उपाय आहे, हे मला जोर देऊन सांगायचं आहे. टीटीटीएस लवकर सुरू झाला आणि तसाच सोडला तर दहापैकी आठ-नऊ बाळं वाचत नाहीत. पूर्वी सुईनं जादा पाणी काढत. त्यानं आईला आराम पडतो आणि काही दिवस मिळतात, पण पाट तसाच वाहता राहतो. १९९०मध्ये पोटातल्या पोटात दुर्बिणीनं हे जोड लेझरनं बंद केल्याचं पहिलं वर्णन आलं. २००४मध्ये युरोपात दोन्ही उपायांची समोरासमोर तुलना झाली, तेव्हा लेझरनंतर निदान एक बाळ जन्मानंतर २८ दिवसांपर्यंत जगल्याचं प्रमाण ७६ टक्के निघालं, नुसतं पाणी काढून ५६ टक्के. हात बसलेल्या केंद्रांत आज निकाल त्याहूनही चांगले मिळतात. दोन-तीन मिलिमीटर जाडीची दुर्बीण आईच्या पोटातून जास्त पाण्याच्या पिशवीत घालतात, वारेवरून एकेक रक्तवाहिनी शोधत जोडापर्यंत जातात आणि जोड जाळतात. मग वारेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पूर्ण रेघ ओढतात, म्हणजे डोळ्याला न दिसलेले बारीक जोडही तुटतात. शेवटी जादा पाणी काढून घेतात. एका वारेच्या दोन वारा केल्या, असं म्हणा. यानंतरही पाणी लवकर फुटण्याची भीती असते आणि बाळंतपण साधारण ३२-३३ आठवड्यांच्या आसपास होतं. ज्याच्या वाट्याला वारेचा तुकडाच लहान आला, ते बाळ लेझर उत्तम होऊनही जाऊ शकतं.

हे करणारी केंद्रं देशात मोजकी आहेत, मुंबई, हैदराबाद, चेन्नई अशा शहरांत. म्हणजे नागपूरहून रात्रीची गाडी. त्यामुळे निदान झालं त्याच संध्याकाळी तिकडच्या डॉक्टरांशी इथल्या डॉक्टरांचं बोलणं व्हावं. त्यांना हवं ते सगळं एका कागदावर मावतं: आठवडे किती, दोन्ही पिशव्यांतलं पाणी, मूत्राशय दिसतं का, डॉपलर, वार पुढच्या भिंतीला आहे की मागच्या, आणि गर्भाशयाच्या तोंडाची लांबी. पहिल्या पायरीवर बाई ठीक असेल तर काही दिवस लक्ष ठेवून थांबता येतं. दुसरीपासून पुढे मात्र सोमवारी बघू म्हणायची सोय नाही.

सगळ्याच अडचणी टीटीटीएसच्या नसतात. कधी पाणी दोघांचं ठीक असतं, पण वाढीत फरक पडत जातो. मोठ्या बाळाच्या वजनातून लहानाचं वजा करून मोठ्याच्या वजनानं भागायचं. एक ९०० ग्रॅम, दुसरं ६६०, तर फरक जवळजवळ २७ टक्के. वीसच्या वर गेला की मोठ्या ठिकाणी दाखवावं, पंचवीसच्या वर गेला तर एकाची वाढ खुंटण्याचा आजारच. पुढचं सगळं लहान बाळाच्या नाळेतल्या प्रवाहावर ठरतं. प्रवाह नीट चालू असेल तर बहुतेकदा निभावतं. कायम थांबलेला किंवा उलटा असेल तर काळजी मोठी. आणि कधी आहे, कधी नाही असा असेल तर अंदाजच बांधता येत नाही. म्हणून असं एक बाळ पोटात असलेल्या बाईला खोटा धीर देऊ नये.

एक बाळ पोटातच दगावलं तर दुसऱ्याचं काय, हा प्रश्न घरातले हळू आवाजात विचारतात. विष चढेल का, असंही विचारतात. विष नाही चढत. पण हृदय थांबलेल्या बाळाकडे दाब उरत नाही, आणि जोडलेल्या वाहिन्यांतून जिवंत बाळाचं रक्त काही वेळातच तिकडे उतरतं. एका वारेच्या जुळ्यांत दुसरं बाळही जाण्याचं प्रमाण साधारण १५ टक्के आहे, आणि वाचलेल्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याला मेंदूची इजा आढळते. दोन वारा असतील तर हे आकडे फार खाली येतात. घाईनं सिझर करून झालेली हानी भरून येत नाही, उलट बाळ अपुऱ्या दिवसांचं होतं. मेंदूच्या धमनीचा वेग बघून रक्त कमी झालं का ते पाहायचं आणि चार ते सहा आठवड्यांनी बाळाच्या मेंदूचा एमआरआय करायचा, हा शहाणा मार्ग. याच कारणानं एका बाळाला मोठं व्यंग असलं तरी त्याला औषधाची सुई देऊन थांबवता येत नाही, कारण ते औषध भावंडातही जाईल. तिथे त्या बाळाची नाळच बंद करावी लागते, आणि ते पुन्हा त्याच मोजक्या केंद्रांतलं काम.

आणि माहेर! सातव्या महिन्यात ओटी भरून लेक माहेरी जाते. एका वारेच्या जुळ्यांसाठी ही वेळ फार अवघड. डॉक्टर बदलतो, सोनोग्राफीचं मशिन बदलतं, आणि फाइल सासरी कपाटात राहते. नव्या ठिकाणी कोऱ्या कागदावर लिहिलं जातं: जुळी, अठ्ठावीस आठवडे. तिसऱ्या महिन्यातला तो टीचा फोटो जर सोबत नसेल तर नव्या डॉक्टरला वार कळणार कशी? जायचंच असेल तर पहिल्या रिपोर्टपासून सगळी फाइल सोबत न्यावी, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावेत, आणि बाळंतपण जिथे करायचं तिथे नवजात अतिदक्षता विभाग असल्याची खात्री करावी. नागपुरात मेडिकल, मेयो, डागा, एम्स अशी सरकारी ठिकाणं आहेत. जिथे जायचं तिथे आधी जाऊन नाव नोंदवलेलं असावं, कळा सुरू झाल्यावर शोधाशोध नको.

आपल्याकडे नऊ महिने नऊ दिवस म्हणतात, आणि ते पूर्ण भरावेत ही सगळ्यांची इच्छा असते. या जुळ्यांत मात्र सगळं नीट असूनही ३६ आठवडे झाले की बाळंतपण करतात, कारण त्यापुढे पोटात अचानक बाळ दगावण्याचा धोका वाढतो. पिशवीही एकच असेल तर दोन्ही नाळा एकमेकींत गुंतलेल्या असतात. तिथे ३२ ते ३४ आठवड्यांत सिझरच. लवकर बाळंतपण होणार असेल तर फुप्फुसांसाठी आईला डेक्सामेथासोनची ६ मिलिग्रॅमची इंजेक्शनं बारा-बारा तासांनी, एकूण चार, देतात. मुहूर्तासाठी यातला कुठलाही दिवस पुढे ढकलू नये.

पहिलं बाळ डोक्याकडून असेल तर दोन पिशव्यांच्या जुळ्यांचं बाळंतपण नॉर्मलही होऊ शकतं. पण लेबर रूममधल्या प्रत्येकाला वार एक आहे हे ठाऊक असायला हवं. एरवी नाळ मिनिटभर थांबून कापतात. इथे थांबायचं नाही, कारण पहिल्याच्या नाळेतून दुसऱ्याचं रक्त येऊ शकतं. गर्भाशय आवळण्याचं इंजेक्शन दुसरं बाळ बाहेर आल्यावरच द्यायचं. पहिल्याच्या नाळेला एक चिमटा, दुसऱ्याच्या नाळेला दोन, म्हणजे नंतर कुणाची कुठली ते कळतं. आणि ताणलेलं गर्भाशय लवकर आवळत नाही, रक्तस्राव जास्त होतो, म्हणून रक्ताची सोय आधीच करून ठेवायची.

बाळं शेजारी शेजारी ठेवली की नातेवाईक म्हणतात, एक गोरं आहे, एक लालबुंद. हे ऐकलं की दोघांचं हिमोग्लोबिन लगेच तपासावं. बारीक जोडांतून आठवडेच्या आठवडे थेंब थेंब रक्त गेलेलं असतं, पाण्यात काहीच फरक न दिसता. गोरं दिसणारं बाळ पांढरं पडलेलं असतं. दोघांच्या हिमोग्लोबिनमध्ये ८ ग्रॅमचा किंवा त्याहून जास्त फरक निघाला तर एकाला रक्त द्यावं लागेल आणि दुसऱ्याचं घट्ट रक्त पातळ करावं लागेल.

मग वार. ती दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाण्याआधी पाच मिनिटं स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवून धुवावी. मधला पडदा दोन नाळांच्या मध्ये उभा धरून बोटांनी सोलून बघावा. दोनच पदर सुटले, काचेसारखे आरपार, आणि खाली वारेची सलग गुळगुळीत पाठ दिसली, तर वार एकच होती. एका चिमट्याच्या नाळेपासून निघालेली निळसर रेघ दोन चिमट्यांच्या नाळेच्या रेघेला जाऊन मिळते, ती जागा बोट ठेवून दाखवता येते. हे डिस्चार्ज कार्डावर लिहून द्यावं, दोन्ही बाळांच्या.